प्रूफ

बाब अल बहरीनच्या मागे, शिंप्याच्या दुकानावर
कुंजुमोनचा छापखाना. एसी गळतो, खाली बादली.
नमुन्यांचा गठ्ठा त्याने पुढे सरकवला:
मखमल, मोती, उघडताच सनई वाजणारं एक.
ऋजुता म्हणाली, साधा कागद, बाबा,
बोटाला कागदच लागायला हवा.

मग हिशेब. इमारतीत बावीस, कंपनीत चाळीस
(अरबाबला इंग्रजीत),
चिपळूणला सत्तर, त्या बॅगेतून जाणार,
म्हणजे वजन. जाड कागद तिथेच बाद.
पहिली देवापुढे, कोपऱ्यांना हळदीकुंकू.
"आहेर आणू नये" लिहायचं का, यावर
अक्काशी फोनवर अर्धा तास.
एकूण एकशे बत्तीस.

गुरुवारी प्रूफ आलं.
कुंजुमोनला मराठी येत नाही,
अक्षरं तो चित्रासारखी जुळवतो.
ओळ मावत नव्हती, म्हणाला,
सुरुवातीचं एक छोटं काढलं. चालेल ना?

चि. सौ. कां. ऋजुता,
सौ. शैलजा व श्री. मधुसूदन खातू यांची कन्या.

क, वर दोन मात्रा, पुढे टिंब.
तेवढंच गेलं होतं.

ऋजुताने वाचलं. मी वाचलं.
कराकचा कप कागदावर गोल उमटला.
खाली शिंप्याचं मशीन थांबलं, पुन्हा सुरू झालं.

टाइप लहान कर, मी म्हणालो,
पण ते परत घाल.
त्याने पेन्सिलीने खूण केली.

जिन्यात ती म्हणाली,
प्रूफ मी परत दिलं नाही.
एकशे तेहतीस धरा.