शटर काउंट

गोंदियाच्या खेमराजनं कॅमेरा चार दिवस वापरायला दिला.
पटला तर बावीस हजार, नाही पटला तर बॅग झटकून परत आण,
म्हणाला, बॅगेत कुणाकुणाच्या अक्षता असतील.
होत्या. पिवळ्या, किडलेल्या, चार्जरच्या खोबणीत.

पहिल्या दिवशी भिंतीचा फोटो काढला.
नुसती भिंत, धान गोदामाची, नवा चुना मारलेली,
सेन्सरवरची धूळ बघायला.
तीन ठिपके निघाले. चौथा हलला, ती पाल होती.
तोवर माणसं जमलेली, भिंतीत काय हाय म्हणून.

शटर काउंट बावन्न हजार चारशे सहा.
म्हणजे तितक्या वेळा अर्जुनीपासून आमगावपर्यंत
कुणीतरी पोट आत घेतलं,
कुणाच्या तरी मामानं मधे येऊन कॉलर नीट केली.
लेन्स टॉर्चपुढे धरली तर आत बुरशी,
पऱ्ह्याच्या मुळासारखी, पांढरी, बारीक.
फोटोत येत नाही. सूर्याकडे तोंड केलं की मात्र येते.

रात्री दंडारीच्या तालमीत नेला.
सोळाशे आयएसओपर्यंत ठीक,
त्यापुढे अंधारात रवा पडतो
आणि राक्षसाच्या मिशीचे केस मोजता येत नाहीत.

व्हिडिओचं वेगळंच.
फोकस शोधायला लागला की लेन्स टर्र टर्र करते
आणि माइक तेवढंच नेमकं ऐकतो.
ढोलकीवाला रतिराम म्हणे, आत बेडूक पाळला का बे?
पळती एसटी घेतली तर खिडक्या तिरप्या.
बारा मिनिटं झाली की न विचारता बंद.
आमच्याकडे पाठवणीच चाळीस मिनिटं चालते,
आत्या तर सगळ्यांचं झाल्यावर सुरू करते.
वहीत लिहिलं: पंधरा हजार, फार तर सोळा.

तिसऱ्या दिवशी तळ्याच्या पाळीवर झिबल मारबते भेटले.
मासेमारी सोसायटीच्या कार्डासाठी माझा एक काढून दे, म्हणाले.
डोक्याचा दुपट्टा सोडला, बोटांनी भांग पाडला,
माशांची टोपली पायाशी ठेवून उभे राहिले.
हालू नोका काका, मी सवयीनं म्हटलं.
खटका व्हिडिओवर राहिलेला. मला पत्ता नाही.
तेवढ्यात घरून फोन, डाळ कोणती आणायची त्याचा.

रात्री बघितलं. तीन मिनिटं चाळीस सेकंद.
हनुवटी वर. श्वास धरलेला,
म्हणजे धरलेला असं त्यांना वाटतं,
बनियनचं भोक वरखाली होताना स्पष्ट दिसतं.
टोपलीत एक मासा उडतो. खाली बघत नाहीत.
मागून बगळा निघतो, एकेक पाय उचलत
या कडेपासून त्या कडेपर्यंत जातो,
फोकस त्यांना सोडून बगळ्यामागे जातो,
टर्र,
परत येतो.
फक्त डोळे माझ्यावर. मी फोनवर बोलतो आहे, तूर का चना, तूर का चना.
मग ओठ न हलवता:
झाला का?
आणि माझा आवाज, कॅमेऱ्याच्या अगदी कानाशी:
थांबा न बा, एकच मिनिट.
ते पुन्हा श्वास धरतात.

हे वहीत कोणत्या रकान्यात लिहू?
शटर तर एकदाही पडलं नव्हतं.

सकाळी खेमराजला फोन लावला.
बुरशी सांगितली, बेडूक सांगितला, बारा मिनिटं सांगितली.
अठरावर आला. मी साडेसतरा म्हटलं आणि लगेच
बरं, अठरा.
मला भाव करता येत नाही, बायको म्हणते ते खरं आहे.

मग साडेपाच हजार चौकटींतून एक शोधत बसलो.
बऱ्याचशांत पापणी अर्धी.
एक मिळाली, थोडी भुरकट, पण पासपोर्ट साइजला चालते.
काकांनी हात लांब करून, नंतर जवळ आणून बघितली.
हाललो तं नाही न मी?
नाही काका.
खांद्याच्या वर बगळ्याची चोच येत होती.
कार्डावर चालत नाही. कापली.