ईशान्य कोपरा

बेसा-पिपळ्याच्या पुढं, जिथं रस्ता अजून नकाशातच आहे,
प्लॉट नंबर बेचाळीस.
एप्रिल. भेगा अशा
की श्रावणजी बोकड्यांची लोखंडी पट्टी
हातातून सुटली ती परत आलीच नाही.

मी मातीच्या तपासणीला आलेय.
दहा ग्रॅम पाण्यात, दहा ग्रॅम मातीच्या तेलात,
दोन नळकांडी रात्रभर लॅबच्या खिडकीत.
तेलातली गप्प बसून राहते.
पाण्यातली फुगते. साठ टक्के, सत्तर,
एकदा मनीषनगरची एकशेदहा.

हे सांगितलं तर पराते बाई विचारतात,
"म्हणजे चांगली ना?"
कपाशीला चांगली, बाई.
भिंतीला नाही.
पावसाळ्यात हिला पोट सुटतं, उन्हाळ्यात ही आक्रसते,
वर ठेवलेल्या प्रत्येक गोष्टीला सोबत हलायला लावते,
आणि विटेला हलता येत नाही, ती फक्त तडकते.
बाईंनी पर्समधून कर्जाचं पत्र काढलं,
घडी उलगडली, परत घातली.

काळी. मग पिवळी चोपण, फावड्याला सोडत नाही.
सव्वादोन मीटरला मुरूम.
मुरूम लागला की जेसीबीचा आवाज बदलतो,
दाताखाली खडा आल्यासारखा.
तीन कोपऱ्यांत तो आवाज आला.
चौथ्यात नाही.

चौथा म्हणजे ईशान्य. गुरुजींनी नारळ फोडलेला तो.
हळदकुंकू अजून ओलं होतं
आणि खालून नुसतं धप्प, धप्प.

श्रावणजी चुन्याची रेघ ओढता ओढता थांबले.
सूत हातातच.
"इहीर होती अथी," म्हणाले.
तुम्हाला कसं माहीत?
"मीच होतो ना टॅक्टरवर. अठरा टिपा.
रातच्या रातीत बुजवा म्हने लेआउटवाला,
कोनाले सांगू नोको म्हने."
मग बराच वेळ काही नाही.
"सांगनार तरी कोनाले होतो बाप्पा."

चार दिवस उपसलं.
कवेलू, मोझॅकच्या फरश्या, एक टायर,
कुणाच्या तरी मोरीचा अख्खा कठडा,
एक निळी स्लिपर, तिचा जोड नाही.
शहर जे नको म्हणतं
ते पुढच्या शहराच्या पायात भरतं,
असं मी मनात म्हटलं आणि मलाच ते फार भारी वाटलं,
म्हणून पाण्याची बाटली तोंडाला लावली.
बाटली रिकामी होती.

चौथ्या दिवशी दुपारी, चव्वेचाळीस डिग्रीत,
भराव ओला लागला.
सुकवारो खाली उतरली.
डोंगरगढकडची, आठवड्याच्या हिशेबावर आलेली,
ओंजळ भरली, हुंगली,
कुणी नाही म्हणायच्या आत प्याली.
"मीठा हे," वर बघत म्हणाली,
आणि पोरीला हाक मारून तिचं तोंड धुतलं.

इंजिनियर आला, बूट न उतरवता वरूनच बघितलं.
विहीर ठेवू, तोंड बंद करू,
वरून आडवा बीम, दोन्हीकडे मुरमात पाय रोवून.
पराते बाईंचं स्वयंपाकघर सव्वा फूट आत सरकलं.
ओटा बरोबर पाण्याच्या डोक्यावर येणार.
बाई म्हणाल्या, "चालेल.
नळ नाही आला तर कान लावून बसेन."
ही त्यांची त्या दिवसातली एकमेव गंमत.

संध्याकाळी अहवाल भरला.
ईशान्य कोपरा: कृत्रिम भराव.
पाणी: चार पूर्णांक सहा मीटर.
चव असा रकाना नव्हता.
पेन्सिलीनं आखला. लिहिलं: गोड.

श्रावणजींनी सूत गुंडाळलं, चुन्याचा डबा झाकला.
उद्या त्रेचाळीस नंबर.
तिथं खाली काय आहे, मी विचारलं.
"तथी काईच नाही," ते म्हणाले,
जरा लवकरच.