नऊ इंच

कळंबोलीहून निघालेला बीम
चेंदणी कोळीवाड्याच्या तोंडाशी उतरवला
तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता.
टेम्पो आत येत नाही, वळणावर भानूच्या ओट्याला घासतो.
मग आठ जणांनी खांद्यावर घेतला,
वीस फूट, दीडशे किलो.
कोपऱ्यावर पुढच्यांनी थांबायचं, मागच्यांनी फिरायचं,
आणि शौकत मिस्त्री दबक्या आवाजात,
हळू, लोक झोपलेत.
लोक कुठले झोपतात.
खिडकीखिडकीत एकेक डोकं.
एकच खिडकी बंद होती,
माझ्या घराला लागून असलेली.

दोष माझा आहे, आधीच सांगून टाकतो.
खालची मधली भिंत मी काढली,
झेरॉक्सच्या दुकानाला जागा हवी म्हणून.
हरेश्वर म्हणाला होता, ती काढू नको,
वरचं सगळं तिच्यावर बसलंय.
मी म्हणालो, वाटणीत ती माझ्याकडे आलीय.
हे आमचं शेवटचं बोलणं.
त्यानंतर नऊ गणपती झाले,
त्याचा वेगळा, माझा वेगळा.

घर मात्र बोलत राहिलं.
आधी माडीवरचं दार लागेनासं झालं.
मग फरशीवर ठेवलेला कांदा
आपला आपण भिंतीकडे निघाला.
पोरगी हसायची, पुन्हा ठेवायची.
मग ऐनाच्या जुन्या तुळईला चीर गेली,
माझी करंगळी आत जाईल एवढी.
वाटणीच्या कागदात तुळईचं नाव नाही.
ती दोन्ही घरांतून आरपार गेलेली,
तिला कुणी विचारलंच नव्हतं.

इंजिनीअरबाईंनी टॉर्च मारला, वहीत रेघ ओढली.
एक टोक रस्त्याकडच्या नव्या खांबावर,
दुसरं शेजारच्यांच्या भिंतीत, नऊ इंच आत.
शेजारच्यांच्या नाही, म्हटलं, भावाच्या.
त्या म्हणाल्या, कुणाच्याही.
वजनाला टेकण लागतं.

मी गेलो नाही. प्रभावती गेली.
वहिनीने चहा दिला, उत्तर दिलं नाही.
तिसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडे
लोखंडी कपाट सरकल्याचा आवाज आला,
फरफरत,
मध्ये दोनदा थांबून.
त्याचा गुडघा गेलाय हे मला
तेव्हा कळलं.

शौकतने तुळईखाली दोन जॅक लावले.
रोज एक सूत, त्याहून जास्त नाही.
जुन्या घराला घाई केली, तो म्हणाला,
तर ते वर येत नाही, फुटतं.
पाच दिवस, पाच सूत.
रोज प्रभावती केर काढायची,
रोज नवे पापुद्रे, आत जुने रंग,
एकात आमच्या लग्नाचा पिवळा.
सहाव्या दिवशी बीम चढवला,
वर पट्ट्या ठोकून घट्ट केल्या,
जॅक सैल सोडले.
घर एकदाच कर्र वाजलं.
शौकत खांबाला कान लावून उभा,
बराच वेळ.
मग म्हणाला, बसलं.

माडीवरचं दार आता लागतं.
म्हणजे जवळजवळ.
कडी आणि कोयंडा अजून सूतभर चुकतात.

आणि बीमचं टोक पलीकडे
चार बोटं जास्त निघालं.
भिंत तिथे पातळ होती, की माप माझं चुकलं,
शौकत काही बोलला नाही.
भोकाला तोंड लावून ओरडला,
काका, कापू का?
ग्राइंडर हातातच होता.
पलीकडे काही नाही.
कुकरची एक शिट्टी.
मग आवाज, नऊ वर्षांत घोगरा झालेला,
राहू दे.
शौकतला म्हणाला. मला नाही.

मी सिमेंटचं घमेलं धरून उभा होतो.
भोकातून त्याच्या स्वयंपाकघराची
वीतभर भिंत दिसत होती, हिरवी.
आधी निळी होती.
हिरवी कधी केली,
कुणी सुचवला हा रंग,
वाकून पाहत राहिलो
तर शौकत मागून म्हणाला,
शेठ, माल सुकतोय.