तिसरा भाऊ

गोष्टीत मी नेहमी तिसरा भाऊ असायचे.
थोरले दोघे रानातल्या म्हातारीला हुसकून पुढे जायचे,
मी थांबायचे, अर्धी भाकरी मोडून द्यायचे,
मग तिच्या शिट्टीवर
चांदीच्या आयाळीचा घोडा यायचा.

पुढे एकतीस वर्षं हातमोज्यांच्या कारखान्यात.
अंगठ्याची शिवण माझ्याकडे.
घोडा आला नाही.
त्याची वाट पाहत होते असंही नाही,
पाहायचे ती बसची.

काल दाउगावाकाठच्या थांब्यावर, उणे अकरात,
शेजारच्या दाइगाचा इल्वार्स,
गळ्यात स्केट्स, तोंडात घास.
माझ्याकडे पाहून काय वाटलं त्याला कुणास ठाऊक,
शहाजिरं घातलेल्या काळ्या पावाचा अर्धा तुकडा
त्यानं पुढे केला.

घेतला. चावता चावता उमगलं:
अगं बाई, म्हातारी मीच की!
इतकी वर्षं भलत्याच जागी उभी होते.

म्हणजे आता काहीतरी द्यायला हवं.
खिसे चाचपले. किल्ली, रुमाल, औषधांची चिठ्ठी.
शिट्टी कुठली असायला?
म्हटलं, "पुलाखालून जाऊ नकोस रे.
गिरणीचं गरम पाणी तिथं सुटतं.
बर्फ वरून दिसतो जाड,
आत नुसता पापुद्रा."
"बरं," म्हणाला, आणि वरच्या अंगानं उतरला.

बस गेली, जाऊ दिली.
लाल टोपी नदीवर
लहान लहान होत राहिली.

शहाजिऱ्याचा एक दाणा दाढेत अडकला होता.
रात्री दिवा मालवल्यावर जिभेनं शोधला,
होता अजून.