अडीच कासरे

नागपूरहून आलेल्या पोराने
रेंज ऑफिसच्या टेबलावर तीन डबे मांडले
आणि पहिला उघडत म्हणाला,
सर, हा दोन हजार मीटरचा.

दोन हजार मीटरवर आमच्याकडे
मोबाइलचा टॉवर आहे,
त्याला कोणी भूल देत नाही.
वीस ते चाळीसमधलं बोल, म्हटलं.
पोरगं जरा हिरमुसलं.

भुलीची सुई उडते गॅसच्या दाबावर
आणि दाब ठरतो अंतरावर.
कमी धरलं तर ती गवतात पडते,
जनावर उठून बघतं कोण आहे ते.
जास्त धरलं तर
गेल्या पौषात होतं तसं होतं.

धान कापून झालं होतं.
धुऱ्यावर बोरूचं गवत, त्यामागे
वाघाच्या जागी बारदाना गुंडाळून ठेवला,
त्याच्याही मागे, बोडीच्या पाळीवर, मोह.
टेप धरून मोजलं: सव्वीस.

पहिला डबा म्हणाला, अठ्ठेचाळीस.
त्याला मोह दिसला, बारदाना नाही.
दुसरा म्हणाला, एकोणीस, म्हणजे गवत,
आणि वाऱ्यात गवत हललं की
वीस, अठरा, एकोणीस,
बाजारात भाव फिरतो तसा.
तिसरा दिसायला गरीब,
पट्टा सुतळीसारखा.
तोही आधी एकोणीसच म्हणाला.
उईके मॅडमनी त्याचं एक बटन दाबून धरलं:
जवळचं सोड, मागचं धर.
सव्वीस.
पुन्हा सव्वीस.
मी मुद्दाम हात हलवला. सव्वीसच.

चैतू कुमरे धुऱ्यावर उकिडवा बसून
खर्रा घोटत होता.
कोणी न विचारता म्हणाला,
अडीच कासरे.
मग सूर्याकडे बघून,
अन् दिवस हाये कासराभर.
त्याच्याकडे एकच दोरी आहे,
तिने तो शेतही मोजतो, उरलेला उजेडही.

तो कासरा सरेपर्यंत आम्ही थांबलो,
कारण वाघ दुपारी बसत नाही आमच्यासाठी.
साडेपाचनंतर पहिल्या दोघांचे काळे आकडे
गवताच्या काळ्यात बुडाले.
तिसऱ्याचे लाल होते.
मी ते मंद केले, आणखी मंद,
चुलीत राख धरलेल्या निखाऱ्याइतके,
तरी वाचता आले.

पौषात माझ्याकडे डबा नव्हता. डोळा होता.
डोळा म्हणाला, तीस.
मागून चैतू हळूच म्हणाला होता,
दोन कासरे, वरतं थोडं.
मी तीसचा दाब भरला.
सुई मांडीच्या मांसात थांबली नाही.
ती वाघीण अजून
ट्रॅप कॅमेऱ्यासमोरून जाते
डावा मागचा पाय किंचित उचलून धरत,
जणू जमीन तिथे तापलेली आहे.
तिचे फोटो दर महिन्याला येतात.
मी ते फाइलला लावतो.

चैतूने शेवटी डबा हातात घेतला.
याच्यातून का जाते?
उजेड, पोरगं म्हणालं, आपल्याला न दिसणारा.
जाऊन आपटतो, परत येतो,
किती वेळ लागला त्यावरून अंतर.
म्हंजे हाक देल्यावानी, चैतू म्हणाला.
कोनी ओ देल्ली का समजते.
पोरगं हसलं. हो काका, तसंच.

मग चैतूने तो फिरवला बोडीवरून,
बांधांवरून, पार जंगलाच्या काळ्या काठाकडे,
आणि बराच वेळ बटन दाबत राहिला.
मी वाकून पाहिलं. तीन लाल रेघा.
रेंजच्या बाहेर आहे काका, पोरगं म्हणालं.
हाये तिथंच, चैतू म्हणाला.
ओ देत नाई, येवढंच.

खरेदीच्या कागदावर
'निवडीचे कारण' असा रकाना असतो, बोटभर रुंद.
मी लिहिलं: जवळचे नीट मोजते.
जादा बॅटऱ्या दोन मागितल्या.
पोराने एकच दिली.