सुहास जगायचा तिथवर

मगदूमांच्या गिरणीमागच्या खोलीत
तीन टीव्ही होते, एकाचा रंग गेलेला.
रुपयाला दहा मिनिटं.
मुलींनी आत यायचं नाही असं कुणी लिहिलं नव्हतं.
तसं लिहावं लागत नाही.

त्या खोलीची खिडकी आमच्या दुकानासमोर.
मी फळीवर, अब्बांना सूत तोडून देत.
तंबोऱ्याच्या तारेखाली घालतात तो दोरा,
तो बरोबर जागी सरकला की तार बोलती होते.
आमच्यात त्याला जीव म्हणतात.
समोर खिडकीत रुपयाला तीन जीव मिळायचे.

मिरजेतली आमची गल्ली, दारोदार भोपळे वाळत घातलेले,
आणि दारोदार एकच षड्ज, जरा जरा वेगळा.
त्यात तो आवाज घुसायचा,
टुंग टुटुंग टिंग,
कोपरे असलेला, खडीसाखरेसारखा.
अब्बा म्हणायचे, जवारी नाय त्याला.
नुसता स्वर. पाठीमागं कोण नाय.

खेळ मी कधी पाहिला नाही.
उडी म्हणजे वर जाणारी मींड.
नाणं म्हणजे पंचम आणि लगेच वरचा सा.
मरण म्हणजे सगळे स्वर घाईघाईनं जिना उतरणार
आणि मागून पोरांचं, आयला.
तिसऱ्या लेव्हलला पाणी असावं,
कारण धून तिथं दादऱ्यात शिरायची आणि संथ व्हायची.
बाकीचे पहिल्याच खड्ड्यात. पाण्यापर्यंत
पोचायचा एकटा आवट्यांचा सुहास,
आणि कोमल निषादावर,
दरवेळी त्याच निषादावर, मरायचा.

मला ती धून तिथवरच ठाऊक
जिथवर सुहास जगायचा.

कॅसेट अडकली की पोरं तिला फुंकर मारायची.
इकडं अब्बा कानस थांबवून
घोडीवरची हाडाची पूड फुंकायचे.
रस्त्याच्या दोन बाजूंना दोन फुंकरी,
मग दोन्हीकडं आवाज सुरू.

गिरणी गेली. तिथं आता मोबाइलची कव्हरं मिळतात.
वीजेवरचे तंबोरे आले, ते बिघडायला लागले,
तेव्हा मी डाग द्यायला शिकले.
सांगलीच्या शनिवार बाजारात दीडशे रुपयाला
एक जुना गेमचा डबा मिळाला, बटणं नसलेला.
उघडला. आतल्या चिपला चार गळे:
दोन भांडखोर, एक खर्जातला,
एक नुसताच खरखरणारा.
रात्री अब्बांच्या तंबोऱ्यावर मी त्यांना गायला बसवते.
पुण्याच्या एका पोरानं ऐकून विचारलं,
मॅडम, खरखर मुद्दाम ठेवलीय का?
त्याला काय सांगू, जीव कुठं सरकवायचा
ते शोधण्यात माझा अख्खा पावसाळा गेला.

मागच्या आठवड्यात सुहास आला, पोरीची पेटी घेऊन.
कुपवाडला फाउंड्रीत असतो. केस गेलेत.
पेटी ठेवून मी म्हटलं, एक ऐक,
आणि तिसरी लेव्हल लावली.
तो काही बोलला नाही.
निषाद आला तसा त्याचा अंगठा
काउंटरच्या काचेवर दाबला गेला.
उशिरा.
आजसुद्धा उशिराच.

पुढं काय होतं रे?
मला काय ठाऊक, म्हणाला. मी कुठं गेलोय पुढं?

आतून कानशीचा आवाज थांबला.
अब्बांना आता डाव्या कानानं ऐकू येत नाही,
मला वाटायचं उजव्यानंही फारसं नाही.
म्हणाले,
खिडकी बंद झाली की मी रोज एकदा सा छेडायचो.
निषाद तसा टांगून ठेवून
झोप येत नाय माणसाला.

मग घोडीवर फुंकर.

सुहासनं विचारलं, पेटीचे किती होतील?
भाता फाटलाय, म्हटलं.
सोमवारी ये. पोरीला घेऊन ये.