पडवळाला बांधलेला दगड

सोळा वर्षं मी शाळेची खिचडी शिजवते.
रोज किती भाजी घातली ते वहीत आहे,
किती पोटात गेली ते नाही.
ते मला ताटं घासताना कळतं.

लौकिक खवणेकर, दुसरी, भिंतीकडचा कोपरा.
त्याच्या ताटाच्या काठावर रोज बाजार भरतो:
गाजराचे तुकडे, दुधीचे, फरसबीचे हिरवे मणी,
एकाला दुसरा चिकटू न देता, ओळीत,
जसा त्याचा बाप जाळ्याला शिसं ओवतो.
"माका बांगडो व्हयो."
बांगडा कुणाला नको? मीही दर्याकाठचीच.
पण नारळी पुनवेपर्यंत होड्या झापांखाली,
घरात सुका गोलमा, तोही मोजून,
आणि हा खिचडीतला नुसता पिवळा भात खातो.

करून पाहिलं सगळं.
गाजर केसाएवढं किसलं,
त्यानं केस निवडले.
दुधी वाटून घातला,
त्यानं फक्त वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.
डोळे चांगले होतात म्हटलं, तर म्हणाला,
"माका खाडीपलीकडची एसटी हयसून दिसता."
दिसते त्याला. मला नाही दिसत.

जूनमध्ये कुडपकर बाईंनी परसबागेसाठी
प्रत्येकाच्या हातावर एकेक बी ठेवलं.
याला पडवळ आलं. चपटं, कडा कुरतडलेली.
"कासवाचो दात!"
"कासवाक दात नसतत," शेजारची मृण्मयी.
"म्हणानच तर. हो पडलेलो."

वेल मांडवावर गेला.
रात्री पांढरी झालर उघडायची,
सकाळी आम्ही येईपर्यंत मिटलेली.
मग एक दिवस बोटाएवढं काहीतरी लोंबलं, वाकडं.
मी सुतळी दिली. दगड त्यानं आणला,
तीनदा बदलला.
जड झाला तर देठ तुटेल, हलका झाला तर वळेल,
हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

दुसरी सुतळी त्यानं मागून घेतली,
स्वतःच्या मापाची, टाचेपासून टाळूपर्यंत.
रोज प्रार्थनेआधी ती पडवळाशेजारी धरायचा.
दगड खाली येत गेला.
कपाळाशी होता, कानाशी आला,
खांद्याशी, मग शर्टाच्या तुटलेल्या बटणाशी.
गणपतीची सुट्टी संपवून आलो
तर सुतळी संपली आणि पडवळ उरलं.

तो बराच वेळ काही बोलला नाही.
मग मला विचारलं, हळू, कुणी ऐकणार नाही असं,
"मावशे, ह्यां खाता काय?"
"मेळात तां," मी म्हटलं. "निवडीत नाय."
म्हटलं आणि वाटलं, जास्त झालं बहुतेक.

कापून त्यानंच आणलं, दोन्ही हातांवर आडवं,
दगड अजून बांधलेला, गुडघ्यावर आपटत.
मी चकत्या केल्या. पोरींनी बोटांत घातल्या,
मृण्मयीनं कानावर टांगून पाहिली.
चण्याची डाळ, मूठभर ओलं खोबरं,
फोडणीत मोहरी, बाकी काही नाही.

त्यानं एक फोड तोंडात ठेवली
आणि थांबला, जणू आतून कुणी हाक मारतंय.
"पाण्यासारख्यां लागता."
एवढंच. दुसरी फोड घेतली.
ताटं घासायला बसले तेव्हा
काठावर गाजराचे सात तुकडे होते, ओळीत.
पडवळ नव्हतं.
बाकाखाली मांजर असतं आमच्याकडे,
तेव्हा शपथेवर काही सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी मी कुलूप काढायला आले
तर व्हरांड्याच्या आडव्या वाशाला
लौकिक लोंबकळत होता,
दोन्ही हात ताणलेले, तोंड लालबुंद,
उजव्या पायाच्या अंगठ्याला सुतळी,
सुतळीला तोच दगड.

"मावशे," म्हणाला, "आता मोज."